तू विचारलंस, इतकं सोसून माणूस कडवट कसा होत नाही

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. बसमध्ये कोणीतरी "तुमच्या देशात परत जा" म्हणून ओरडला, आख्खी बस मोबाईलमध्ये डोकं घालून बसली, आणि तुला जास्त लागलं ते या दुसऱ्या गोष्टीचं, बरोबर ना? आधी कामाचं बोलू. बसचा नंबर, वेळ, कुठला स्टॉप, सगळं आठवेल तसं लिहून काढ आणि लेखी तक्रार टाक, युनिव्हर्सिटीतही कळव. त्यातून काही निघेल न निघेल, पण नोंद झाली पाहिजे.

आता तुझा खरा प्रश्न. इतकं सोसून माणूस कडवट कसा होत नाही. मला याचं उत्तर देता येत नाही, पण ज्यांच्याकडे बघून मी स्वतः थोडंफार शिकलो ते तुझ्याच ऑटवाच्या, म्हणजे कॅनडाच्या राजधानीच्या मातीतले, विल्यम कमांडा. अल्गॉन्क्विन, म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांचे वडीलधारे, १९१३ चा जन्म, २०११ साली ९७ व्या वर्षी गेले. गाव किटिगन झिबी, मॅनिवाकीजवळ, ऑटवाच्या उत्तरेला गाडीने दीडेक तास. तू ज्या पार्लमेंटसमोर सेल्फी काढलास ना, ती टेकडी त्यांच्याच लोकांची, कुठल्याही तहात त्यांनी ती दिलेली नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला माईकवरून वाचून दाखवतात ते हेच, आणि मग लगेच समोसे सुरू होतात.

कमांडा जंगलातले माणूस. शिकारीसाठी सापळे लावणं, पाहुण्यांना जंगलात वाट दाखवणं, लाकूडतोड, हे करत जगले. आणि होड्या बांधायचे, भूर्जाच्या सालीच्या, आत सीडरच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांनी शिवायचं आणि फटींना झाडाचा डिंक. साल कुठल्या झाडाची, कधी काढायची, हे माहीत असावं लागतं, घाई करून चालत नाही. निसर्गाबद्दल ते जे बोलायचे त्यामागे हे हात होते, म्हणून मला ते पोकळ वाटत नाही. आपल्याकडे हिमालयात आठ दिवस जाऊन आलेले लोक निसर्गावर तासभर बोलतात, ते वेगळं.

१९५१ ते १९७० ते त्यांच्या समाजाचे चीफ होते. आता हे नीट वाच. स्टेटस, म्हणजे सरकारदरबारी मूळनिवासी म्हणून असलेली नोंद, न सोडता देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क त्यांच्या लोकांना मिळाला १९६० साली. म्हणजे नऊ वर्षं चीफ असलेल्या माणसाला स्वतःच्या नदीकाठी बसलेल्या सरकारला मत देता येत नव्हतं. आणि पोरांना घरातून उचलून रेसिडेन्शियल शाळांत टाकायचे, देशभरात दीड लाखाच्या आसपास मुलं, भाषा बोलली की मार. त्या आयुष्याच्या मध्यावर, १९६१ च्या सुमारास, त्यांना कॅन्सर झाला. त्यातून उठले आणि आपल्या जुन्या प्रार्थना-विधींकडे वळले. त्यानंतर क्षमेबद्दल बोलायला लागले, आणि इथेच लोक त्यांना चुकीचं समजतात असं माझं मत आहे.

क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे. वॅम्पमचे पट्टे माहीत आहेत का, शंखशिंपल्यांचे पांढरे-जांभळे मणी विणून केलेले, करारांची आठवण ठेवणारे? १९७० पासून ते त्यांच्याकडे सांभाळायला होते. एका पट्ट्यावर तीन माणसं हात धरून उभी आहेत, मध्ये मूळनिवासी, दोन्ही बाजूंना फ्रेंच आणि इंग्रज. १९८७ साली आदिवासी हक्कांवर पंतप्रधान आणि प्रांतांचे प्रमुख बसले तेव्हा कमांडा हे पट्टे घेऊन तिथे गेले. आरडाओरडा नाही, पण तुम्ही काय कबूल केलं होतंत ते समोर ठेवलं.

तेच ऑटवा नदीवरच्या शोडियर धबधब्याचं. शाम्प्लेन या फ्रेंच प्रवाशाने १६१३ मध्ये लिहून ठेवलंय की इथून जाताना अल्गॉन्क्विन लोक तंबाखू गोळा करून पाण्यात अर्पण करायचे. पुढे लाकडाच्या गिरण्या, कागदाचे कारखाने आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धरण. कमांडा शेवटपर्यंत मागत राहिले की पाणी मोकळं करा आणि बेटांवर सगळ्यांसाठी शांततेची जागा करा. ते गेल्यावर तिथे काँडो उभे राहायला लागले. त्यावर अल्गॉन्क्विन लोकांतही दोन गट पडले, काही विरोधात, काही सोबत, त्यामुळे "आदिवासी असं म्हणतात" असं सरसकट कधी बोलू नकोस.

आणि एक कडू गोष्ट. आपल्याच पार्ट्यांत तू ऐकशील, "या नेटिव्ह लोकांना सगळं फुकट मिळतं, टॅक्सपण नाही". खोटं आहे. टॅक्सची सूट मुख्यतः रिझर्व्हवरच्या, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवरच्या, कमाईला आणि मालमत्तेला आहे, बाहेर काम करणारे तुझ्यामाझ्यासारखेच भरतात. बसमधला तो माणूस आणि हे बोलणारे आपले काका यात मला फार फरक दिसत नाही, फक्त काकांच्या हातात बटाटेवडा असतो. तिथे तू बोल. बसमध्ये कोणी बोललं नाही म्हणून तुला राग आलाय, मग हे तुझ्या हातात आहे. भांडू नकोस, एवढंच म्हण की काका, असं नाहीये ते.

पुढच्या उन्हाळ्यात पॉवाव, म्हणजे त्यांचा नाच-गाण्यांचा मेळावा, असेल तेव्हा एकदा जाऊन ये. नाचणाऱ्यांच्या पोशाखाला हात लावायचा नाही आणि त्याला कॉस्च्युम म्हणायचं नाही, फोटो विचारल्याशिवाय नाही. एखाद्या वडीलधाऱ्यांना मनातलं काही विचारायचं असेल तर आधी थोडी तंबाखू द्यायची पद्धत आहे, सिगारेटचं पाकीट नव्हे, सुटी, शक्यतो कापडात बांधून. आणि पहिल्याच भेटीत स्वतःचं दुःख सांगत बसू नकोस, आधी ऐक. कोणी सोबत नसेल तर मला कळव, गाडी आहे.

काका