सहावा पॅसेज

तुझी मेल वाचली. गुडघ्याच्या कूर्चेतून काढलेल्या पेशींत कोलॅजेन-२चा, म्हणजे कूर्चेच्या खास प्रथिनाचा, सिग्नल येत नाही, प्रायमर (जनुक शोधणारा डीएनएचा तुकडा) बदलू का, असं विचारतेस. नको बदलूस. मेलच्या शेवटी तूच जाता जाता लिहिलं आहेस, 'पेशी पी-६च्या आहेत.' म्हणजे सहावा पॅसेज, सहा वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवून वाढवलेल्या. अगं, मग प्रायमर बिचारा काय करणार?

माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. प्रौढ माणसात पेशी आकारमानाच्या जेमतेम १ ते ५ टक्के, बाकी सगळं त्यांनीच घडवलेलं जाळं. तू ते जाळं कोलॅजिनेज या विकरानं विरघळवतेस आणि पेशी सपाट प्लास्टिकवर पसरवतेस. त्या लांबट होतात, भराभर वाढतात, फ्लास्क भरला म्हणून आपल्याला आनंद होतो. तेवढ्यात कोलॅजेन-२ आणि ॲग्रिकन ही कूर्चेची प्रथिनं घटतात, तंतुमय ऊतींचं कोलॅजेन-१ चढतं. नाव कॉन्ड्रोसाइट, म्हणजे कूर्चापेशी, हेच राहतं, वागणं फायब्रोब्लास्टचं, म्हणजे तंतू बनवणाऱ्या साध्या पेशीचं. म्हणून आधी पेशी कोणत्या अवस्थेत आहे ते बघ, मग तिला प्रश्न विचार.

तू म्हणशील, स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ब्रिटबर्ग आणि पीटरसन या डॉक्टरांनीही पेशी वाढवूनच रुग्णांच्या गुडघ्यात घातल्या होत्या. घातल्या. १९९४च्या त्यांच्या पेपरात २३ रुग्ण होते. पण त्यांनी नंतर गुडघ्यातून बायोप्सी घेऊन आत खरंच काय तयार झालं ते पाहिलं, आणि मांडीच्या हाडाच्या टोकाशी जे साधलं ते गुडघ्याच्या वाटीखाली साधलं नाही, हेही छापलं. तू काय पाहिलंस? फ्लास्क भरला, एवढंच.

परतीची वाट आहे. बेन्या आणि शॅफर यांनी १९८२मध्येच दाखवलं, की सपाट वाढून बदललेल्या सशाच्या पेशी ॲगरोजच्या जेलमध्ये ठेवल्या की पुन्हा कोलॅजेन-२ बनवू लागतात. तू अल्जिनेट जेलचे मणी कर, पेशींचा गोळा म्हणजे पेलेट कर, काहीही कर. पण पेशी परत आल्या असं धरून चालू नकोस. माणसाच्या, त्यातून सांधा बदलायला आलेल्या म्हाताऱ्या गुडघ्यांच्या पेशींत एका डोनरच्या, म्हणजे पेशी देणाऱ्या रुग्णाच्या, परततात, दुसऱ्याच्या नाही. आधी अवस्था बघ.

या हट्टापायी माझे पेपर कमी निघाले, मागून आलेले पुढे गेले. त्याचं फारसं वाटत नाही. लागतं ते वेगळंच. माझी एक हुशार विद्यार्थिनी या जाचाला कंटाळून कॅन्सरच्या, कितीही वाढवता येणाऱ्या पेशींच्या सेललाइनकडे गेली. तिला समजावून थांबवायला हवं होतं. नियम सैल करायला हवा होता असं मात्र आजही म्हणणार नाही. ऑपरेशन थिएटरमधून आलेला तो तुकडा कुणाच्या तरी गुडघ्याचा असतो. त्यातून खोटा आकडा काढायचा आपल्याला हक्क नाही.

फ्रीझरमध्ये पी-१ची व्हायल असेल तर ती उघड. नसेल तर सर्जनकडून पुढचा तुकडा येईपर्यंत थांब. पी-२च्या पुढे जाऊ नकोस, आणि प्रत्येक पॅसेजला कोलॅजेन-२ आणि कोलॅजेन-१ यांचं गुणोत्तर लिहून ठेव, डोनरच्या वयासकट. गाइडनी उशीर का म्हणून विचारलं तर माझं नाव सांग. ते मला आधीपासूनच हेकट म्हणतात.