हंगामातील चित्रपटांचा पहिला आढावा लिहिताना
पुरस्कारांच्या हंगामातील चित्रपटांचा मासिक आढावा आपण प्रथमच लिहिणार आहात, म्हणून सुचवतो की ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहाही नामांकनांमागे धावण्यापेक्षा पाच नामांकनांचा एखादा विभाग पूर्ण पाहावा, ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेही 2025 साली अंतिम मतदानासाठी, ज्या विभागात मत द्यायचे त्यातील सर्व नामांकित चित्रपट पाहण्याची अट सदस्यांना घातलीच आहे (इतकी वर्षे ती नव्हती, याचेच नवल!). सांगलीत असे चित्रपट लागलेच तर जेमतेम आठवडाभर, बहुधा रात्रीच्या खेळाला टिकतात. टिपणे त्याच रात्री वहीत करावीत. मी ती तिकिटांच्या पाठीवर लिहीत असे, पण पुढची छपाई महिन्याभरात उडाली आणि कोणते टिपण कोणत्या चित्रपटाचे, हेच मला उमगेना. कथा थोडक्यात आटोपावी. ध्वनी व संकलनाविषयी मात्र सविस्तर लिहावे.