रोज तासभर चालतो, तरी खाण्याचे पथ्य पाळावे लागेल का?

हो, पाळावे लागेल. रोज सकाळी तासभर चालूनही एलडीएल कोलेस्टेरॉल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरत नाही, असे आपण लिहिले आहे. हृदयरुग्णांना आहाराचा सल्ला देताना हीच तक्रार मी नेहमी ऐकते. चालण्याने रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) कमी होतात, स्नायू रक्तातील साखर अधिक चांगल्या प्रकारे वापरू लागतात, पण एलडीएलवर त्याचा परिणाम बेताचाच होतो. तरीही चालणे सोडू नका. 1953 साली ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळले होते.

एलडीएल उतरवायचे तर ताटाकडे पाहावे लागते. संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) जास्त पोटात गेला की रक्तातील एलडीएल उचलून घेण्याची यकृताची क्षमता घटते; साय, लोणी, तूप, वनस्पती तूप आणि पामतेलात तळलेले फरसाण यांतून तो येतो. उलट मटकी, हरभरा, राजमा, ओट्स यांतील विरघळणारे तंतू आतड्यातील पित्ताम्ले (पचनासाठी यकृत बनवते ती आम्ले) बांधून बाहेर नेतात आणि ती नव्याने बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. त्यामुळे रोजच्या जेवणात वाटीभर उसळ असावी, असा माझा आग्रह असतो. तिच्यावर तेलाचा तवंग मात्र नको.

रक्तदाबाच्या बाबतीत दोन्ही उपाय एकमेकांना बळ देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आतच मीठ खावे; पापड, लोणचे आणि पोह्यांवरची शेव हा हिशेब सहज बिघडवतात, कारण त्यांतले मीठ कोणी मोजतच नाही. चालून झाल्यावर मित्रांबरोबर टपरीवर वडापाव खायची सवय असेल, तर तीही आधी मोडा, कारण तासभराच्या चालण्यात खर्च झालेल्या बहुतेक कॅलरी तिथेच भरून निघतात.

दोन-तीन महिने असे पथ्य पाळून लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी) पुन्हा करून घ्या. डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर आकडे सुधारले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. आणि चालताना छातीत दडपण आले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर तिथेच थांबून विनाविलंब रुग्णालय गाठा.