ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूत न्यूरॉन (चेतापेशी) जास्त असतात असं वाचलं. मग एमआरआय काढला की ऑटिझम आहे की नाही ते कळतं का?

नाही कळत. इथेच थांबता आलं असतं, पण हा प्रश्न आमच्या घरात सहा वर्षं घोळतोय, त्यामुळे जरा लांबण लावते.

मला ऑटिझमचं निदान मिळालं वयाच्या ३१व्या वर्षी. त्याच्या चार महिने आधी, डोकं सतत दुखायचं म्हणून मेंदूचा एमआरआय काढला होता. डोक्यावर पिंजरा बसवला, हातात रबरी फुगा दिला, घाबरलात तर दाबा म्हणाले. मी घाबरले नाही, ठोके मोजत बसले. एका सुरात ठकठक, मग जराशी शांतता, मग दुसरा सूर. चौथ्या फेरीत लय मध्येच तुटली तेव्हा मात्र फुगा दाबायची वेळ आली होती. बाहेर आल्यावर टेक्निशियन म्हणाला, इतकं न हलणारं पेशंट क्वचितच मिळतं. रिपोर्टात लिहिलं होतं, मेंदूत लक्षणीय दोष आढळला नाही.

पुढे निदानाचा कागद घेऊन घरी आले, तर दादाने कपाटातून तोच रिपोर्ट काढून टेबलावर आपटला. "हे बघ, लिहून दिलंय. मेंदूत काही नाही. आईने लाडावून ठेवलंय तुला, बाकी काही नाही." आई समोरच होती. तिने फक्त रिपोर्टाची घडी नीट केली आणि पाकिटात परत सरकवला.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता लिहिते.

एमआरआयमध्ये न्यूरॉन मोजता येतच नाहीत. चित्रातला एक ठिपका साधारण एक घन मिलिमीटरचा, आणि तेवढ्यात हजारो न्यूरॉन मावतात. मोजायचे तर मृत्यूनंतर दान केलेला मेंदू लागतो. त्याचे पातळ काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक पद्धतीने मोजायचं. तुम्ही वाचलेलं बहुतेक मेंदूशास्त्रज्ञ एरिक कूर्शेन यांच्या गटाचं २०११चं काम असावं. कपाळामागच्या भागात ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये सरासरी १९४ कोटी न्यूरॉन निघाले, इतर मुलांमध्ये ११६ कोटी. म्हणजे ६७ टक्के जास्त. आणि मेंदूच्या या भागातले न्यूरॉन आईच्या पोटातच तयार होतात, बहुतेक सगळे गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांपर्यंत. जन्मानंतर तिथे कोट्यवधींची भर पडत नाही. लाड करून न्यूरॉन वाढत नाहीत, दादा. १९५०-६०च्या दशकांत मोठमोठे तज्ज्ञ सांगायचे की आई थंड असते म्हणून मूल असं होतं. आता म्हणे आई मायाळू असते म्हणून. काहीही असली तरी आरोपी तीच.

बाकी 'जास्त न्यूरॉन' हे अर्धंच चित्र आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूतल्या पर्किंजे नावाच्या चेतापेशी ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांमध्ये कमी सापडल्या आहेत. भीती-भावनांशी संबंधित अमिग्डालामध्ये लहानपणी न्यूरॉन नेहमीपेक्षा जास्त आणि मोठेपणी कमी, असंही दिसलंय. मला स्वतःला सगळ्यात पटलेलं काम २०१४चं आहे. न्यूरॉनच्या फांद्यांवर जोडणीसाठी बारीक काटे असतात, आणि मूल मोठं होताना त्यांची छाटणी होते. इतरांमध्ये किशोरवयाच्या अखेरीपर्यंत ते निम्म्याने कमी झाले होते, ऑटिझम असलेल्यांमध्ये फक्त १६ टक्क्यांनी. हे वाचलं आणि मला आमच्या ऑफिसातली ट्यूबलाइट आठवली. तिची घूंऽऽ मला दिवसभर ऐकू येते, शेजारच्याला पाच मिनिटंसुद्धा नाही. (म्हणूनच ऑटिझमसाठी वापरतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला आवडत नाही. स्वतःत मग्न असते तर ती घूं ऐकली असती का?) अर्थात छाटणी आणि ट्यूबलाइट यांची गाठ मी मारलीय, शास्त्रज्ञांनी नाही.

डोकं मोठं असतं का, हेही लोक विचारतात. काहींचं लहानपणी असतं, ढोबळमानाने सातातल्या एकाचं. आमच्या घरात सगळ्यात मोठं डोकं दादाचं आहे. त्याला दुकानात हेल्मेट मिळत नाही.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. २०११च्या त्या कामात ऑटिझम असलेले मेंदू होते फक्त सात. सगळे मुलगे, २ ते १६ वयाचे. म्हणजे माझ्यासारख्या बाईबद्दल तो ६७चा आकडा काहीच सांगत नाही, आणि भांडणात मी तो इतकी वर्षं फेकत आले. हजारो लोकांचे स्कॅन एकत्र केले की सरासरीत फरक दिसतात, पण बारीक. एकट्यादुकट्या माणसाचा फोटो बघून 'आहे' किंवा 'नाही' म्हणता येत नाही. ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा तान्ह्या बाळांच्या स्कॅनवरून आधीच अंदाज बांधायचे प्रयत्न झालेत (२०१७), पण तेही संशोधनातच आहे. डॉक्टर एमआरआय सांगतात तो फिट्स वगैरे दुसऱ्या कारणांसाठी. तसं कारण असेल तर जरूर काढा. फक्त 'नॉर्मल' आला म्हणून कोणाच्या अंगावर आपटू नका.

निदान होतं ते बसून, विचारून, बघून. माझ्या तीन बैठका झाल्या. दुसरीत आईला बोलावलं होतं. मला वाटलं ती गप्प बसेल. ती दोन तास बोलली. मी चार वर्षांची असताना बटणांचा डबा ओतून रंगाने नाही, भोकांच्या संख्येने रांगा लावायचे. चार भोकांच्या रांगेत दोन भोकांचं एक जरी आलं तरी रडून घर डोक्यावर घ्यायचे. आणि ते चुकीचं बटण दरवेळी दादाच मुद्दाम ठेवायचा. हे मला आठवतही नव्हतं. दादाच आम्हाला तिथे गाडीने घेऊन आला होता. आई हे सांगत होती तेव्हा तो खाली पार्किंगमध्ये बसला होता.