लेकरांसाठी वेगळं रांधू नका, त्यांचा वाटा आधी काढा

या वेळच्या प्रश्नांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे. मोठ्यांचा स्वयंपाक वेगळा, लेकरांचा वेगळा, आणि दोन्ही करता करता आईचा जीव जातो. माझं मत आधीच सांगते. घरात पाच-सात वर्षांची मुलं असली तरी स्वयंपाक एकच व्हावा. तिखट पडण्याआधी मुलांचा वाटा बाजूला काढायचा, मग मोठ्यांच्या भाजीत हवं तेवढं काळं तिखट घालायचं. खालच्या बहुतेक उत्तरांत हीच रीत तुम्हाला दिसेल.

प्रश्न (परभणी): माझी सहा वर्षांची मुलगी ज्वारीची भाकर खात नाही. पोळी खाते, नाही तर नूडल्स मागते. माझ्या भाकरीचे काठ चिरतात आणि निवली की भाकर कडक होते. तिला सवय कशी लावू?

सवय लावायच्या आधी भाकरी मऊ करू या. कडक, चिरलेली भाकरी सहा वर्षांच्या दातांना खरंच जड जाते, त्यात मुलीचा हट्ट फारसा नाही.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसतं मळून पिठाला ताण येत नाही. त्यातच दळण जुनं झालं की पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते. म्हणून आठवड्या-दहा दिवसांना पुरेल एवढंच दळून आणा. परातीत पीठ घेऊन मधे आळं करा, त्यात उकळतं पाणी ओता, उलथन्याने कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, चिकटपणा येतो आणि काठ धरून राहतात. मग एका भाकरीपुरताच गोळा घेऊन तळहाताने चांगला रगडून मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या भाकरी पुन्हा चिरणारच. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण वाळायच्या आत उलटा. झाली की सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा.

मुलीसाठी तळहाताएवढी भाकरी थापा. गरम असतानाच तूप-गूळ लावून, नाही तर दूध किंवा वरणात कुस्करून द्या. आठवडाभर एवढंच करा, भाजीबरोबर खाण्याचा आग्रह नंतर.

धपाटे हा दुसरा मार्ग, आणि मुलांच्या बाबतीत तो फार क्वचित फसतो. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, तीळ, ओवा, हळद, मीठ, वाटलेलं लसूण-जिरं, मूठभर कोथिंबीर आणि किसलेला दुधी किंवा चिरलेली मेथी हे सगळं दह्यात भिजवा. मुलांपुरता गोळा आधी वेगळा करून उरलेल्या पिठात हिरवी मिरची घाला. ओल्या फडक्यावर थापा, मधे बोटाने भोकं पाडा आणि तिथून थोडं थोडं तेल सोडा. बरोबर घट्ट दही.

आणि नूडल्स. ज्या मुलांना लांब, गुळगुळीत, रसातलं काही सुर्रकन ओढायला आवडतं, त्यांना हुलग्याचे शेंगोळे का आवडू नयेत? एक वाटी हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक, लसूण-जिरं, हळद, मीठ घालून घट्ट मळा. मुलांसाठी वळ्या नेहमीपेक्षा बारीक करा, नाही तर आतून कच्च्या राहतात. लसणाच्या फोडणीत पाणी घालून ते खळखळ उकळू लागलं की एकेक सोडा आणि पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या. तिखट पिठात घालू नका. मोठ्यांच्या ताटात वरून लाल तिखटाची फोडणी दिली की झालं.

प्रश्न (लातूर): ओव्हन नाही. कुकरमध्ये कणीक आणि गुळाचा केक केला, पण मधे बसला, सोड्याचा वास आला आणि तळ करपला. चूक कुठे होते?

तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत.

आधी भांडं. कुकर पाण्याशिवाय तापवण्यासाठी बनवलेलाच नाही. तळ पातळ असला तर उष्णता एकाच ठिकाणी लागते आणि भांडंही खराब होतं. त्यापेक्षा जुनी जाड कढई किंवा पातेलं घ्या. तळाला बोटभर जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उलटी ताटली ठेवा आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. केकचं भांडं आत गेलं की गॅस बारीक. गूळ साखरेपेक्षा लवकर रंग धरतो, म्हणून गुळाच्या केकला आच नेहमीच कमी लागते. भांड्याच्या तळाला कागद लावलात तर करपण्याची भीती आणखी कमी होते. तेच मीठ पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतं.

आता सोडा. खायच्या सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं. दही हवं ते त्यासाठी. दही कमी आणि सोडा जास्त झाला की उरलेला सोडा तसाच राहतो आणि साबणासारखी चव येते. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं, म्हणून ती थोडी जास्त चालते. या दोन्ही पुड्या एकमेकींच्या जागी सारख्याच मापाने घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पुडी जुनी असेल तर आधी तपासा. बेकिंग पावडर चमचाभर गरम पाण्यात टाकली की फसफसली पाहिजे, सोडा लिंबाच्या रसात.

सात इंची भांड्यासाठी माप असं: कणीक १८० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ १२० ग्रॅम, घट्ट दही २०० ग्रॅम, तेल ८० मिलिलिटर, बेकिंग पावडर १ सपाट चहाचा चमचा, सोडा अर्धा चमचा, वेलदोडा, चिमूटभर मीठ. लागलं तर थोडं दूध. वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात एकदा कणीक मोजून घ्या आणि आपल्या वाटीवर खूण करा. केकमध्ये अंदाज चालत नाही, फोडणीत चालतो.

दही आणि गूळ एकत्र फेटून गूळ पूर्ण विरघळू द्या, गाळून घ्या. गुळात कचरा असतो, आणि राहिलेला खडा तळाशी जाऊन करपतो. मग तेल घाला. कणीक, पावडर आणि सोडा दोनदा चाळून शेवटी मिसळा, तेही कढई तापल्यावरच. दही आणि सोडा भेटले की फसफस लगेच सुरू होते. मिश्रण ओट्यावर वीस मिनिटं राहिलं तर तो वायू उडून जातो आणि केक फुगायला काही उरत नाही. कणीक घातल्यावर जोरात फेटू नका, नाही तर केक चिवट होईल.

मधे बसण्याचं कारण बहुतेक वेळा घाईने उघडलेलं झाकण हेच असतं. पहिली तीस मिनिटं झाकण उचलायचंच नाही. तोवर वर चढलेला केक आतून धरलेला नसतो, गार हवा लागली की खाली येतो. पस्तिसाव्या मिनिटाला मधोमध सुई खुपसून बघा. ओलं पीठ चिकटलं तर आणखी सात-आठ मिनिटं. झाल्यावर भांड्यातच दहा मिनिटं राहू द्या आणि पूर्ण निवल्यावर कापा. गुळाचा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

प्रश्न (जालना): ज्वारीच्या पिठाची नानकटाई ओव्हनमधून काढताना हातात भुगा होतो. मैदा घालायचा नाही.

मैदा नको हे ठीक, पण कणीक असू द्या. पीठ धरून ठेवायला थोडं ग्लुटेन लागतंच. ज्वारीचं पीठ ८० ग्रॅम, कणीक ५०, बेसन २०, तूप ९०, पिठीसाखर ७० आणि पाव चमचा बेकिंग पावडर. ज्वारीचं पीठ बारीक चाळणीने चाळून मंद आचेवर खमंग भाजा, पूर्ण निवू द्या. कच्चं घातलं तर रवाळ लागतं. तूप आणि साखर हाताने पांढरी, हलकी होईपर्यंत फेसा. त्यासाठी तूप थिजलेलं हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तूप डब्यातच पातळ असतं, तेव्हा ते आधी फ्रीजमध्ये ठेवा आणि वळलेले गोळेही अर्धा तास गार करा, नाही तर ट्रेमध्ये पसरतात.

ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून साधारण वीस मिनिटं. नानकटाई बाहेर काढताना मऊच असते, तुम्ही नेमकं तेव्हाच उचलताय. ट्रेमध्येच अर्धा तास राहू द्या, निवता निवता कडक होते. मधेच वीज गेली तर दार उघडू नका. शेवटची पाच-सात मिनिटं उरली असतील तर आतल्या उष्णतेवर भाजून होते.

प्रश्न (उदगीर): बाळ दहा महिन्यांचं आहे. घरचे दुधात बिस्किट भिजवून देतात, खोकल्याला मध चाटवतात. चालेल का?

मध अजिबात नको, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटावरसुद्धा नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही. बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात, आणि तो आजार जिवावर बेततो. वडीलधाऱ्यांना हे शांतपणे पण ठामपणे सांगा. खोकला राहिला तर बाळाला डॉक्टरांना दाखवा.

बिस्किटात मैदा आणि साखर. दोन वर्षांपर्यंत बाळाला वरून साखर किंवा गूळ घालायची गरज नसते, दुधाची आणि फळांची गोडी पुरते. त्याऐवजी घरात शिजतं तेच द्या. मीठ घालण्याआधी काढलेलं तुरीचं घट्ट वरण, मऊ भात, वर चमचाभर तूप. ज्वारीच्या कण्या रात्री भिजवून सकाळी अगदी मऊ शिजवलेल्या. कुस्करलेलं केळं. वाफवलेला लाल भोपळा. शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट चिमूटभर पेजेत घालून बघा. नवा पदार्थ एका वेळी एकच सुरू करा, अंगावर पुरळ, ओठ-चेहऱ्याला सूज किंवा उलटी दिसली तर थांबवून डॉक्टरांना विचारा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि ज्वारीच्या लाह्या मात्र चार-पाच वर्षांपर्यंत हाती देऊ नका, घशात अडकतात. अंगावरचं दूध चालू ठेवा.

प्रश्न (नांदेड): आम्ही दोघं नोकरी करतो. संध्याकाळी सातला घरी येतो, तोवर मुलं भुकेने रडकुंडीला आलेली असतात. झटपट काय करू?

पोचल्यावर पाच मिनिटांत हातात काही तरी पडलं पाहिजे, जेवण नंतर. दोन चमचे दाण्याचा कूट आणि गूळ घालून कुस्करलेली सकाळची भाकरी, किंवा केळं. नाही तर सुशीला करा. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळा, जिरं-मोहरी-कांद्याची फोडणी, हळद, मीठ, दाण्याचा कूट, लिंबू. दहा मिनिटांत ताटात. मिरची मोठी चिरून फोडणीत टाकली की मुलांच्या वाट्यातून काढून घेता येते.

जेवायला वरणफळं. तूरडाळ सकाळी निघतानाच शिजवून गार करून फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी तिला फोडणी, चिंच, गूळ आणि भरपूर पाणी. उकळी आली की कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या चकत्या एकेक सोडायच्या. एकदम टाकल्या तर गोळा होतो. पंधरा मिनिटं शिजलं, की मुलांच्या वाट्या भरा, तूप घाला, आणि उरलेल्यात तुमचं तिखट. एकाच भांड्यात डाळ आणि पोळी दोन्ही. चकत्या कापायचं काम पाच वर्षांच्या मुलालाही देता येतं, फिरकीचं कातणं त्याच्या हाती द्या, सुरी नको. स्वतः कापलेलं मुलं सहसा ताटात टाकत नाहीत.

प्रश्न (बीड): दोन्ही मुलांना सकाळी चहा-टोस्टची सवय आहे, दुसरं काही मागत नाहीत.

चहा बंद करा, टोस्ट हळूहळू सुटेल. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि वाढत्या मुलांना लोहाची निकड असते. एकदम तोडायला जड जात असेल तर आठवडाभर चहात दूध वाढवत न्या, मग वेलदोडा घातलेलं नुसतं दूध. पोह्यावर लिंबू पिळत जा, लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. मोठ्यांनीही तेवढा वेळ त्यांच्यासमोर चहा टाळावा.

प्रश्न (धाराशिव): मुलाचा वाढदिवस मे महिन्यात. घरचा केक सजवायचा आहे, पण क्रीम वितळतं.

मेमध्ये क्रीमच्या नादी लागू नका. तुमच्या जिल्ह्यात भूम-कुंथलगिरीचा खवा मिळतो, तोच वापरा. दोनशे ग्रॅम खवा मंद आचेवर तूप सुटेपर्यंत परता, निवल्यावर ५० ग्रॅम पिठीसाखर आणि दोन-तीन चमचे दूध घालून गुळगुळीत मळा. वर सांगितलेला गुळाचा केक पूर्ण गार झाला की हा थर ओल्या चमच्याने पसरा आणि वर केशर आंब्याच्या पातळ फोडी लावा. फोडी अगदी कापायच्या वेळी लावायच्या, आधी लावल्या तर पाणी सुटतं. खवा मात्र त्याच दिवशी सकाळी आणा आणि आणल्या आणल्या परता. उन्हाळ्यात तो दुपारपर्यंतही बाहेर टिकत नाही. केक फ्रीजमध्ये ठेवलात तर कापायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, म्हणजे खव्याचा थर मऊ होईल आणि सुरी नीट चालेल.