वृद्धाश्रमातील आई आणि रात्रीची खाज

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची असून नाशिकजवळच्या एका वृद्धाश्रमात राहते. थंडी सुरू झाल्यापासून तिच्या नडग्यांवर पांढरे पापुद्रे सुटतात, खाजेमुळे रात्री झोप लागत नाही, आणि हल्ली ती संध्याकाळच्या भजनालाही बसत नाही. ‘या वयात कातडी कोरडी व्हायचीच’, असे तेथील मावशी म्हणतात. यावर काहीच उपाय नाही का?

उत्तर : उपाय आहे, आणि तो महागडा नाही. वयानुसार त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव कमी होतो व ओलावा धरून ठेवणारी स्निग्ध द्रव्ये घटतात, हे खरे. परंतु जो काही ओलावा उरलेला असतो, तो कढत पाणी आणि जंतुनाशक साबण यांनी आपणच रोज धुऊन काढतो. आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत उरकावी आणि साबण काखा, जांघा व पावले एवढ्यापुरताच वापरावा. अंग खसाखसा न पुसता पंच्याने टिपून घ्यावे आणि ते दमट असतानाच पेट्रोलियम जेली किंवा सुगंधविरहित घट्ट क्रीम लावावे. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा लावावे. खोबरेल तेल चालेल, मोहरीचे नको. तळपायांना लावल्यावर मात्र लगेच चालू देऊ नये, कारण पाय घसरतो.

वृद्धाश्रमात तपासणीला गेल्यावर मी आधी चादर पाहतो. ‘मला काही त्रास नाही’ असे सांगणाऱ्या आजींच्या चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असतात, कारण आपला कुणाला भार नको म्हणून त्या बोलत नाहीत. आईंचे भजन सुटले, ही गोष्ट मला पापुद्र्यांहून अधिक गंभीर वाटते. रात्रभर जागलेले माणूस संध्याकाळी थकलेले असते, शिवाय चारचौघांत खाजवण्याचा संकोच वाटतो.

बोटांच्या बेचक्यांत वा मनगटावर पुरळ असेल, किंवा खोलीतील इतरांनाही खाज असेल, तर ती खरूज असू शकते. तशी असल्यास सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. दोन-तीन आठवड्यांत उतार न पडल्यास मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि साखर यांची तपासणी करून घ्यावी. गुंगी आणणाऱ्या खाजेच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. त्यांनी तोल जातो आणि बुद्धी भ्रमते.

आईंचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोहोचत नसेल, म्हणून क्रीम लावण्याचे काम औषधांच्या वहीत वेळेसह लिहून घ्या, आणि भेटीला जाल तेव्हा पाठीला ते आपल्या हातांनी लावा.