पेपर येतो, पण कॉम्प्युटरवर मार्क पडत नाहीत

बारावीचे प्रॅक्टिकल संपत आले की लातुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, हिला सगळं येतं हो, पण कॉम्प्युटरवर बसली की गडबडते." २०१९पासून इंजिनिअरिंग प्रवेशाची राज्याची एमएचटी-सीईटी संगणकावर होते, देशपातळीवरची जेईई मेनही त्याच वर्षापासून पूर्णपणे संगणकावर गेली. तरी ही तक्रार कमी झालेली नाही. कारण साधं आहे: आपली मुलं दहावीपर्यंत कागदावर शिकतात, बारावीची बोर्डाची परीक्षा कागदावर देतात, आठवड्याच्या टेस्टला ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोळे काळे करतात आणि मग एका सकाळी त्यांच्यासमोर फक्त स्क्रीन आणि माउस असतो.

अशाच एका मुलीची ही गोष्ट. तिला इथे वैष्णवी म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैष्णवी उदगीर तालुक्यातल्या एका गावातली. अकरावीपासून लातुरात खोली करून राहिलेली, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुप. क्लासच्या कागदावरच्या टेस्टमध्ये २००पैकी दीडशेच्या आसपास मार्क नेहमीचे. क्लासने संगणकावरच्या मॉक, म्हणजे सराव परीक्षा, सुरू केल्या आणि मार्क एकदम एकशे दहावर आले. पुढच्या मॉकला त्याहून कमी. तिसरीच्या आदल्या रात्री उलट्या झाल्या, तेव्हा वडील तिला घेऊन आले. मुलगी गप्प, वडील बोलत होते. घरात चांगला बाजारभाव येण्याची वाट बघत ठेवलेलं सोयाबीन विकून लॅपटॉप घेऊन देतो, असं त्यांनी ठरवलंही होतं.

त्यांना म्हटलं, "दादा, सोयाबीन राहू द्या. परीक्षा केंद्रावर बहुतेक ठिकाणी डेस्कटॉप आणि माउस असतो. लॅपटॉपच्या पॅडवर बोट फिरवायची सवय लागून फार उपयोग नाही. आधी हिचे मार्क कुठे जातात ते बघू."

मुलीची भीती दिसतच होती. अशा वेळी समुपदेशकाच्या हातात तयार उपाय असतो, दीर्घ श्वास आणि सकारात्मक वाक्यं. मी तो लगेच काढत नाही. उलट्या तिसऱ्या मॉकच्या आधी झाल्या होत्या, मार्क मात्र पहिल्याच मॉकला पडले होते, आणि तेव्हा ती अगदी निवांत गेली होती. म्हणजे भीती नंतर आली. मूळ दुसरीकडे होतं, आणि ते शोधायला तिला सोडवताना बघणं भाग होतं.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिला फिजिक्स-केमिस्ट्रीची अर्धी मॉक लावून दिली आणि बाजूला खुर्ची टाकून बसले. आधी तिच्या कागदावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका मागवून घेतल्या होत्या. त्या बघण्यासारख्या होत्या. प्रत्येक प्रश्नाखाली पेन्सिलीच्या रेघा, 'अयोग्य विधान' असेल तिथे गोल, बाद केलेल्या पर्यायांवर फुल्या, आकृतीवरच बाण काढून लिहिलेली बलं. ही मुलगी पेन्सिलीने विचार करत होती. स्क्रीनवर त्या पेन्सिलीला जागाच नव्हती. उजवा हात माउसवर थिजलेला, तोच प्रश्न ती तीन-तीनदा वाचत होती. मग एकदम घाई करून अख्खा प्रश्न रफ कागदावर उतरवून घेत होती, आणि उतरवताना कधी ऋण चिन्ह सुटत होतं, कधी दहाचा घात बदलत होता. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक.

दुसरी गोष्ट घड्याळाची. कागदाच्या परीक्षेत घड्याळ भिंतीवर असतं, अर्ध्या तासाने घंटा होते. इथे उरलेला वेळ डोळ्यांसमोर सेकंदासेकंदाने कमी होत राहतो. वैष्णवी प्रत्येक प्रश्नानंतर तिकडे बघत होती. तिसरी गोष्ट तिला स्वतःलाही ठाऊक नव्हती: थोडी शंका आली की 'नंतर बघू' म्हणून खूण करून ती पुढे जायची. जांभळ्या खुणांची रांग लागली आणि शेवटी त्यातल्या एकाही प्रश्नाकडे परतायला वेळ उरला नाही. कागदावर ती सुरुवातीला सगळी पानं चाळून सोपे प्रश्न हेरायची. स्क्रीनवर एका वेळी एकच प्रश्न दिसतो, त्यामुळे पेपर केवढा आणि कुठे सोपा आहे याचा अंदाजच तिला येत नव्हता.

हे तिला दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी बोलली. "म्हणजे मला येतं ते विसरत नाहीये?" नाही, विसरत नव्हती.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, आणि तसंच ते असावं लागतं. आधी घड्याळ झाकून फक्त वीस प्रश्न. अट एकच: प्रश्न उतरवायचा नाही. रफ कागदाचे घडी घालून चौकोन करायचे, चौकोनात प्रश्न क्रमांक, दिलेल्या किमती एककासह, आणि ए-बी-सी-डी अशी चार अक्षरं. पर्याय बाद झाला की अक्षरावर फुली. 'अयोग्य', 'वगळता' असे शब्द दिसले की चौकोनात मोठा नकार. म्हणजे पेन्सिलीला तिचं काम परत मिळालं, फक्त जागा बदलली. वाचताना माउसचा बाण ओळीखालून सरकवायचा, लहानपणी बोट ठेवून वाचतात तसा. किंमत लिहून झाली की स्क्रीनशी एकदा ताडून बघायची. याला सुरुवातीला वेळ जातो. वैष्णवी चिडलीही: "मॅडम, याने तर अजून हळू होतंय." होणारच होतं. वेग नंतर येतो, आणि तो येईपर्यंत मॉकचे मार्क कोणाला सांगायचे नाहीत असं आमचं ठरलं. वडिलांनाही नाही. ते दर रविवारी फोन करून 'किती पडले' विचारायचे, ते बंद करायला मात्र मला दोनदा बोलावं लागलं.

घड्याळ परत आलं ते हिशेबासकट. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं. प्रश्नाला ५४ सेकंद. पण प्रत्येक प्रश्नाला ५४ सेकंद मोजायचे नसतात. दहा प्रश्नांना नऊ मिनिटं असा हिशेब धरायचा आणि दहा झाले की मगच वर बघायचं. मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, त्यालाही ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट ४८ सेकंद. दोन्ही भागांचा वेळ वेगळा असतो. पहिला भाग बंद झाला की तिकडे परत जाता येत नाही. केमिस्ट्रीत राहिलेलं मनात घोळवत मॅथ्स सुरू करणाऱ्या मुलांचे पहिले चार-पाच प्रश्न वाया जातात. वैष्णवीने यासाठी स्वतःच एक सवय काढली: मॅथ्स सुरू होताना रफ कागदाचं नवं पान घ्यायचं, जुनं पालथं करायचं.

सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. पण स्क्रीनवर 'शेवटी भरून टाकू' म्हणणं कागदापेक्षा महाग पडतं. प्रत्येक प्रश्नावर जायचं, पर्याय निवडायचा, सेव्ह करायचं. म्हणून प्रश्न सोडून पुढे जातानाच त्यातल्या त्यात बरा वाटणारा पर्याय सेव्ह करून खूण करायची आणि शेवटची तीन-चार मिनिटं राहिलेल्यांसाठी राखायची. जेईई मेन देणाऱ्यांनी हा नियम उचलू नये. तिथे ७५ प्रश्न, तीन तास, बरोबरला चार मार्क आणि चुकीला एक वजा. शिवाय संख्यात्मक प्रश्नांचं उत्तर कीबोर्डने टाइप करता येत नाही, स्क्रीनवरच्या आकड्यांवर माउसने क्लिक करावं लागतं. परीक्षेत पहिल्यांदाच ते बघणारी मुलं गोंधळतात. अधिकृत मॉकमध्ये ते आधीच करून बघावं.

सराव कुठे करायचा हा प्रश्न गावातल्या मुलांना खरोखरच असतो. मोबाइलवर मॉक देणं म्हणजे प्रश्न वाचण्याचा सराव, परीक्षेचा नव्हे. पडदा लहान, हात मोकळा, मध्येच व्हॉट्सअॅप. वैष्णवीच्या कॉलेजच्या संगणक कक्षात दुपारी मशीन रिकामी असायची. प्राचार्यांना वडिलांनी अर्ज दिला आणि परवानगी मिळाली. रविवारी खोलीजवळच्या नेटकॅफेत. तिथली खुर्ची मोडकी, माउस अडकणारा, शेजारी कोणीतरी फॉर्म भरत मोठ्याने बोलणारा. मला ते चांगलंच वाटलं. केंद्रावरही शंभर मुलं आजूबाजूला क्लिक करत असतात.

मध्ये बोर्डाची परीक्षा आली. त्या काळात मॉक पूर्ण बंद ठेवायला सांगितल्या. क्लासला ते पटलं नाही. पण दिवसा तीन-तीन तास लिहायचं आणि रात्री स्क्रीन, यात दोन्ही बिघडतं असं माझं मत आहे. बोर्ड संपल्यावर पूर्ण १८० मिनिटांच्या मॉक सुरू केल्या, जी शिफ्ट मिळेल त्या वेळेला जुळवून घेता यावं म्हणून कधी सकाळी, कधी दुपारी. तेव्हा एक नवीच गोष्ट निघाली: दुसऱ्या तासानंतर तिचं डोकं ठणकायचं. डोळे तपासले तर चष्म्याचा नंबर वाढलेला. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. चार-पाच प्रश्नांनी मुद्दाम पापण्या मिटून उघडायची सवय लावली. माझ्या सगळ्या उपायांपेक्षा त्या चष्म्याने जास्त काम केलं, असं तिची मैत्रीण म्हणते, आणि ती अगदीच चुकीची नाही.

प्रत्येक मॉकनंतर वहीत चुकांचे तीन रकाने: आलंच नाही, येत होतं पण वाचताना-उतरवताना चुकलं, आणि उत्तर काढलं पण क्लिक किंवा सेव्ह चुकलं. सुरुवातीला मधला रकाना भरलेला असायचा. तो रिकामा होत गेला तसा तिचा आवाज बदलला. श्वासाचा व्यायाम मी तेव्हा शिकवला, झोपण्याआधी करायला, आणि तेव्हा तो लागूही पडला. एप्रिलमध्ये तिचे मॉकचे मार्क कागदाच्या जवळ आले. मॅथ्समध्ये थोडे कमीच राहिले. पहिल्या रकान्यातल्या त्या चुका होत्या, आणि पहिल्या रकान्यावर माझ्याकडे उपाय नाही, तो अभ्यासाने भरतो.

"कॉम्प्युटर बंद पडला तर?" हे तिने शेवटच्या भेटीत विचारलं. हा प्रश्न जवळपास सगळेच विचारतात, फक्त उशिरा. उत्तर असं: हात वर करायचा, पर्यवेक्षकाला सांगायचं, स्वतः काही दाबत बसायचं नाही. जेईई मेनच्या माहितीपत्रकात तर स्पष्ट लिहिलेलं असतं की मशीन किंवा माउस बिघडला तर दुसरं मशीन देतात आणि वाया गेलेला वेळ भरून देतात. आम्ही हे एकदा करूनही बघितलं. मॉक चालू असताना मी मुद्दाम माउसची वायर काढली. ती क्षणभर दचकली, मग हात वर केला आणि माझ्याकडे बघून हसली.

निकालानंतर वडिलांचा फोन आला. परसेंटाइल सांगून झाल्यावर लगेच पुढचा प्रश्न: "मॅडम, आता प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. त्यात किती कॉलेजं टाकायची?" म्हटलं, या आठवड्यात या, पण फॉर्म घेऊन नका येऊ, वैष्णवीला घेऊन या.